थंड गोळी आणि गरम सुकट

ये गं, अशी जवळ बस. तू तिकडे ठाण्यात आणि मी इकडे खालापूरजवळच्या गावात, तरी मी समोरच बसलेय असं समज, कारण मला तुझा कान धरायचाय. सख्ख्या बहिणीची लेक तू. छातीत कफ झाला म्हणून ब्लडप्रेशरची गोळी आपल्या मनानं बंद केलीस? म्हणे शेजारीण म्हणाली, या गोळ्यांनी न्यूमोनिया होतो. शेजारणीनं तुझं प्रेशर मोजलं होतं का गं?

हे सगळं माझं भोगून झालंय. एक्सप्रेस हायवे यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. धाकट्याच्या बाळंतपणापासून मला प्रेशर लागलं आणि रोजची गोळी आली. त्या थंडीत वालाच्या शेंगा तोडत होतो. ताप भरला, श्वास घेतला की कुशीत सुरी फिरल्यासारखं व्हायचं. तुझे काका माथेरानला हॉटेलात कामाला, ते सुट्टीवर आलेले, त्यांनी खालापूरच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले न्यूमोनिया. सुई टोचली, कॅप्सूल दिल्या आणि बजावलं, "प्रेशरची गोळी चालूच ठेवा." काका मला घरी सोडून कामावर गेले, आणि इथे ओटीवर माझा निवाडा सुरू झाला.

मोठी जाऊ म्हणाली, "ती गोळी थंड. रगात थंड केलं तिनं, म्हणून छाती धरली."

सासूबाईंना ते पटलं. आमच्याकडे औषधाचीसुद्धा थंड आणि गरम अशी जात असायची. सुई गरम, गोळी थंड, दोघी पोटात भांडणार! त्यांनी गोळ्यांची डबी उचलून उंच फळीवर ठेवली आणि छातीला गरमी यावी म्हणून सुकटीचं कालवण सुरू केलं. सकाळी सुकट, संध्याकाळी सुकट, वर खारवलेला बोंबील भाजून. माया होती गं त्यात, नाही कशाला म्हणू? स्वतः घास भरवायच्या. पण त्या खाऱ्यानं माझं काय होत होतं ते मला कळत होतं. ताप उतरला, खोकला सुटला, आणि डोकं मात्र घण घातल्यासारखं ठणकायला लागलं. डोळ्यांपुढे काजवे. एका दुपारी बोलता बोलता नाकातून रक्त आलं.

जाऊ म्हणाली, "बघा, गरमी बाहेर पडतेय. गुण आला."

त्यावर मात्र माझं टाळकं सरकलं. तिन्ही पोरं दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. म्हटलं, ही बाई मला गुण येता येता मारणार! उठले, भिंतीला धरून लुगडं नीट केलं.

"कुठं निघालीस गं?" सासूबाई.

"खालापूरला. डॉक्टरांकडे."

"मी नाय म्हणते हाय ना!"

"तुमी नाय म्हणा. मी जाते. पोरं माझी हायेत, त्यांना आई पायजे."

घरात असं बोलायची रीत नव्हती. एसटीच्या थांब्यापर्यंत गेले तर मागून चपला फटफटत आल्या. सासूबाई! हातात ती डबी. "रस्त्यात पडलीस तर लोक मला बोलतील," म्हणाल्या, आणि माझा दंड जो धरला तो खालापूर येईपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला, फुगवला, आणि त्यांचा चेहराच उतरला. "गोळी कोणी बंद केली?"

सासूबाई सरळ म्हणाल्या, "मी. थंड गोळी, तिनंच तर न्यूमोनिया केला."

"या गोळीनं नाही झाला, आजी. दमेकऱ्यांना काही गोळ्या चालत नाहीत, त्यांना मी दुसऱ्या देतो. तापात प्रेशर फार खाली गेलं तर गोळी कमीसुद्धा करतो. पण मोजून! आणि हिच्या ताटात सुकट कोण वाढतंय?"

सासूबाईंनी डबी पदराखाली घेतली. मग मीच म्हटलं, "डॉक्टर, यांचंही मोजा."

"माझं कशाला? माझं रगात चांगलं गरम हाय!"

"म्हणूनच मोजा."

मोजलं, तर त्यांचं माझ्यापेक्षा चढं. तीच थंड गोळी त्यांनाही लागली. परतताना एसटीत एवढंच बोलल्या, "मोठीला सांगू नको." मी मात्र घरात पाऊल ठेवताच सांगितलं, मोठ्यानं सांगितलं. त्या दिवसापासून डबी फळीवरून खाली आली ती चुलीशेजारी, दोघींच्या हाताला येईल अशी. सासूबाई पिकून पान होऊन गेल्या, आणि मी अजून तुला रागवायला बसलेय.

तेव्हा ऐक. आजच डॉक्टरकडे जा, छाती दाखव, प्रेशर मोजून घे. गोळी बदलायची असेल तर ते बदलतील, शेजारीण नाही. आणि बरी झालीस की लगेच इकडे ये. वाल भरलेत, मडक्यात शेंगा रचून जाळावर पोपटी लावू, तुझ्या मडक्यात मीठ बेतानंच टाकीन. गोळ्यांची डबी मात्र घेऊनच ये, मला बघायचीय.