आभाळाच्या पिच्चरचे दाजी

पृथ्वीवरच्या कुठल्याही भानगडीत आमच्या दाजींनी आयुष्यात कधी तोंड घातलं नाही. त्यांची सगळी भांडणं अंतराळातली होती. बांधावरून भावकीत कोयते निघाले तरी दाजी शांतपणे चहा पीत बसत, आणि निवडणुकीत दोन्ही पार्ट्यांच्या जेवणावळीला सारख्याच मनाने जेवत. पण अमक्या कप्तानाने तमक्या ग्रहावर यान उतरवायला हवं होतं की नको होतं, हा विषय निघाला की त्यांचा आवाज कुंडल गावच्या वेशीपलीकडे ऐकू जाई. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. फौजेत वायरलेसवर पंधरा-सोळा वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आलेले. चार एकर ऊस, कातरलेली मिशी आणि इंग्रजी भाषेवर आपली हुकमत आहे असा अढळ विश्वास, एवढी त्यांची इस्टेट. ही हुकमत मुख्यतः दोन शब्दांवर चालायची. आक्काने आतून हाक मारली की परसातून "रॉजर" असं उत्तर येई, आणि "भाकरी वाढ, ओव्हर" असं म्हटल्याशिवाय त्यांची मागणी पुरी होत नसे. लग्नानंतर सहा महिने आक्का घाबरून होती, की हा माणूस आपल्याला शिव्या तर देत नाही ना!

सत्तर सालानंतर एक-दोन वर्षांतली गोष्ट असेल. गावच्या जत्रेला तंबूचा सिनेमा येत असे. सहा दिवस देवादिकांचे आणि तमाशाचे चित्रपट दाखवून झाले की सातव्या दिवशी मालक एखादा इंग्रजी पिक्चर लावी. शहरात चालून चालून झिजलेली रिळं त्याला कुठूनशी मिळत. एका वर्षी त्याने आभाळातल्या लढायांचा पिक्चर आणला. त्याचं इंग्रजी नाव कुणालाच उच्चारता येईना, म्हणून सगळं गाव त्याला "आभाळाचा पिच्चर" म्हणू लागलं. अर्ध्या तासात लोक कंटाळले. बायकांच्या बाजूने गप्पा सुरू झाल्या, पुरुषांच्या बाजूने पडद्यावर ढेकळं जायला लागली. तेव्हा दाजी उठले, मालकाच्या हातातला पुकारा करायचा माईक काढून घेतला आणि गरजले, "गप बसा रं सगळी! मी सांगतो काय चाललंय ते."

आणि त्यांनी सांगितलं. पडद्यावरचा कप्तान तीन शब्द बोले, दाजी तीन मिनिटं बोलत. "कप्तान म्हणतोय, पोरांनो, डिझेल संपत आलंय, पर माघार घ्यायची न्हाई. आपल्या थोरल्यांनी कवा घेतली न्हाई." पांढऱ्या केसांची एक राणी होती, तिला पाहताच त्यांनी जाहीर केलं की ही कप्तानाच्या चुलत्याची मेव्हणी असून जमिनीवरनं त्यांचं वाकडं आहे. पुढच्या दीड तासात दाजींनी सगळ्या अंतराळाची भावकी लावून दिली. लोक इतके रंगले, की पिक्चर संपल्यावर टाळ्या पडद्यासाठी नव्हत्या, दाजींसाठी होत्या. पुढे एक-दोन वर्षांच्या अंतराने त्याचे नवे भाग निघत गेले, आणि मालक तंबू ठोकायच्या आधी दाजींच्या घरी चहाला येऊ लागला. दुसऱ्या भागाची रिळं उलटसुलट लागली. दुष्ट सरदाराला आधी जाळलं, मग तो अर्धा तास तलवार फिरवत हिंडला. मी साताऱ्याला कॉलेजात शिकणारा शहाणा. हळूच म्हणालो, "दाजी, रिळं चुकलीत." दाजींनी माईकवरच मला झापलं. "पाव्हणं, वर असंच असतंय. तिकडं कालच्या आधी उद्या येतोय." मागून एकजण समजूतदारपणे म्हणाला, "आपल्या विट्याच्या गाडीवाणी." गावाला ते पूर्ण पटलं.

सोसायटीच्या खताच्या गोदामाला पाच पायऱ्या होत्या. जत्रा संपली की वर्षभर त्या पायऱ्यांवर या पिक्चरचा खल चाले. पहिला भाग चांगला म्हणणारे वरच्या पायऱ्यांवर, दुसरा चांगला म्हणणारे खालच्या. यात कुणी पायरी बदलली तर त्याच्याकडे पक्ष फोडल्यासारखं बघत. दाजी पहिल्या भागाचे. "पहिल्यात माणसं हायती, दुसऱ्यात नुस्ती आतषबाजी," हे त्यांचं मत, आणि ते चुकीचं नव्हतं, हे मी आता कबूल करतो. पण दाजींचा खरा जीव एकाच पात्रावर होता. यानात एक वायरलेसवाला होता, कानाला डबे लावून कोपऱ्यात बसलेला. चित्रपटात त्याला धड चार वाक्यं नव्हती. दाजींनी त्याला चाळीस दिली. "ह्यो नसंल तर कप्तान आंधळा हाय," असं ते प्रत्येक खेळात एकदा तरी सांगत.

या पायऱ्यांवर दाजींना पुरून उरणारा एकच माणूस होता, आणि तो गावचा नव्हताच. माण तालुक्यातला बिरू धनगर. दिवाळीनंतर तिकडची कुरणं वाळली की तो मेंढरं घेऊन कृष्णाकाठाकडे उतरे, आणि ऊस तुटलेल्या रानात दाजी त्याचा कळप बसवून घेत. रानाला खत मिळे, मेंढरांना चारा, आणि दाजींना भांडायला माणूस. बिरू अगदी कमी बोले. दाजींनी अर्धा तास बाजू मांडली की तो तंबाखू मळत म्हणे, "व्हय. पर तसं न्हाई ते." एवढ्यावर दाजी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. बिरू यायचा असे तेव्हा दाजी चार दिवस आधीच ओढ्यापर्यंत जाऊन बघून येत, आणि विचारलं तर ऊस बघायला गेलो होतो म्हणत. ओढ्याकडे त्यांचा एक कांडीभरसुद्धा ऊस नव्हता.

मग तिसरा भाग आला. मी तेव्हा सांगलीला नोकरीला लागलो होतो आणि जत्रेसाठी आलो होतो. दाजी माईक घेऊन बसले, पहिली चार रिळं झोकात सांगितली. पाचव्यात यान एका तांबड्या ग्रहावर अडकलं. वायरलेसवाल्याचे पाय दगडाखाली चिरडले. शत्रू जवळ आलेला, यानात तीनशे माणसं. कप्तान त्याच्याजवळ बसला, काहीतरी बोलला, अंगातला कोट काढून त्याच्यावर पांघरला आणि यानात चढून निघून गेला. दाजी गप्प. तंबूत नुसतं मशीनचं खरखरणं. "दाजी, बोला की! काय म्हणला कप्तान?" लोक ओरडले. दाजींनी माईक खाली ठेवला आणि उठून घरी गेले. उरलेला पिक्चर गावाने मुक्याने पाहिला.

दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर दाजींनी निकाल दिला, "तिसरा भाग भिकार हाय. असला कप्तान नसतोय." सगळ्यांनी माना हलवल्या. बिरूने तंबाखू मळली.

"तसं न्हाई ते," तो म्हणाला. "त्यो येणार हाय माघारी."

"कोण येतोय? काय बोलतोस?"

"आवं दाजी, कोट टाकला न्हवं अंगावर? आमचं मेंढरू वाटंत बसलं, की आमीबी त्याच्यावर घोंगडं टाकतो. खूण ती. कळप पाण्याला पोचवायचा, आन् मग माघारी यायचं. न्यायचं नसतं तर कोट कशाला टाकंल?"

कुणीतरी "बरोबर हाय बिरूचं" म्हणालं आणि दाजींचा तोल गेला. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "माघारी कुणी येत न्हाई! मला ठाव हाय. माणसं म्हंजे मेंढरं न्हवं. जल्मभर मेंढरामागं हिंडला, तुला काय कळतंय त्यातलं?"

बिरूने तंबाखू तोंडात न टाकताच झाडून दिली. "न्हाई कळत," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने मेंढरं कोंडायची जाळी गुंडाळली आणि कळप हाकून नेला.

भांडणाच्या त्या रात्री आक्काने मला सांगितलं, ते मला तोवर ठाऊक नव्हतं. सरहद्दीवरच्या लढाईत बर्फात एक चौकी सोडून द्यायचा हुकूम आला होता. वायरलेसवर दाजींसोबत शिरवळकडचा एकजण होता, त्याचा पाय मोडलेला. "आम्ही माणसं घेऊन येतो," असं सांगून सगळे निघाले, दाजीही निघाले. माघारी जाणं झालंच नाही. आक्का म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याचं नाव काय, तेसुद्धा मला सांगितलं नाही रे यांनी."

पुढच्या दिवाळीनंतर बिरू आला नाही. त्याचा कळप पलीकडच्या गावात उतरल्याची खबर लागली. दाजींचा ऊस तुटला, रान मोकळं पडलं. दुसरे दोन धनगर विचारायला आले, त्यांना दाजींनी "रान ओलं हाय" म्हणून परत पाठवलं. रानात तेव्हा भेगा पडल्या होत्या. गोदामाच्या पायऱ्यांवर ते जाऊन बसत, पण पहिला भाग चांगला की दुसरा, हे कुणी विचारलं तर "दोन्ही बरं हायती" म्हणत. हे ऐकून मला खरोखर काळजी वाटली. त्याच्या पुढच्या वर्षीही बिरू फिरकला नाही. "जाऊन माफी मागा की," असं आक्का म्हणाली, तर दाजी फौजी ताठ्यात म्हणाले, "कशाची माफी? मी खरं तेच बोललो."

एका उन्हाळ्यात सांगलीच्या थेटरात चौथा भाग लागला. दाजी पहिल्या एसटीने माझ्या खोलीवर हजर. आम्ही दुपारचा खेळ पाहिला. दाजी खुर्चीच्या कडेला बसून होते. तीन तासांत यान दहा ग्रहांवर गेलं, राणीचं लग्न झालं, नवा सरदार आला. तांबड्या ग्रहाचं नाव नाही. वायरलेसच्या कोपऱ्यात दुसराच एक हसरा पोरगा बसलेला, आणि आधीचा कुठे गेला हे कुणी विचारलंसुद्धा नाही. दिवे लागले तरी दाजी उठेनात. बाहेर आल्यावर उसाचा रस घेतला, तो अर्धा टाकून ते म्हणाले, "पाव्हणं, उद्या रजा टाका. दहिवडीला जायाचं हाय."

विट्याला गाडी बदलून, पुढे उन्हातून दोन कोस चालत आम्ही बिरूच्या वस्तीवर पोचलो. बिरू झोपडीपुढे लोकर निवडत होता. त्याने तांब्याभर पाणी दिलं, घोंगडं अंथरलं, आणि पुन्हा लोकर निवडू लागला. दाजींनी घसा खाकरला, आणि तंबूत माईकवर निघायचा तो आवाज लावला.

"चौथा भाग बघून आलो. तुझं बरोबर निघालं, बिरू. कप्तान आला माघारी."

मी दचकून दाजींकडे पाहिलं. दाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाऊण तास ते सांगत होते. तीनशे माणसं सुखरूप पोचवल्यावर कप्तान कसा एकटाच निघाला, सगळ्यांनी कसा अडवला, तांबड्या ग्रहावर धूळ किती होती, त्या धुळीत कोटाचं टोक कसं दिसलं. "वायरलेसवाला म्हणला, मला वाटलं तू येत न्हाईस. कप्तान म्हणला, उशीर झाला गड्या. लय उशीर झाला." इथे थांबून दाजी उगाच तांब्यातलं पाणी प्याले.

बिरूने तंबाखूची चंची काढली, मळून अर्धी दाजींच्या हातावर ठेवली. "म्या म्हणलं न्हवतं?" तो म्हणाला.

उभ्या जन्मात वादात न हरलेले आमचे दाजी म्हणाले, "व्हय रं. म्हणला व्हतास."

दिवाळीनंतर दाजींच्या रानात पुन्हा मेंढरं बसली. मी रजेवर गेलो तेव्हा बिरू जाळीची गाठ मारत होता. इकडेतिकडे पाहून म्हणाला, "पाव्हणं, दाजींस्नी सांगू नगा. माझा थोरला ममईला गिरणीत हाय. त्यानं मला चौथा भाग तिकडंच दावला व्हता. तुमी यायच्या म्हयनाभर आधी."

"मग... कप्तान?"

"न्हाई आला. कुणी नावबी काढलं न्हाई बिचाऱ्याचं."

"मग तुम्ही दाजींना बोलला का नाहीत?"

बिरूने गाठ ओढून पक्की केली. "कप्तान न्हाई आला," तो म्हणाला, "पर दाजी आलं की."

मी ते दाजींना कधीच सांगितलं नाही. आपण बिरूला कसं बनवलं, हे ते शेवटपर्यंत डोळे मिचकावून मला एकट्याला सांगत, आणि मी हसत असे. आज दोघंही नाहीत. त्या पिक्चरचे पुढेही भाग निघाले म्हणतात, मोठ्या पडद्यावर, नीट लागलेल्या रिळांचे. पोरं मला चला म्हणतात, कुठला भाग सरस यावर घरात हमरीतुमरीवर येतात. मी जात नाही. मला त्यातला एकच भाग आवडतो, आणि तो माणच्या उन्हात, एका घोंगड्यावर बसून, मी आणि बिरूने ऐकला.