कुरडयांमधली मोकळी जागा

चैत्रातलं कोवळं ऊन, आमच्या सुप्याच्या घराची गच्ची, गच्चीवर अंथरलेली आईची जुनी मऊ साडी आणि तिच्यावर ओळीनं घातलेल्या, अजून वाफ धरून असलेल्या कुरडया... तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा तो आंबूस दरवळ आजही कुठं आला, की माझं मन तिथंच जाऊन बसतं. कावळे हाकायचं काम माझ्याकडं होतं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्याच म्हणा ना! वरून सुकलेली, आतून चिवट अशी अर्धओली कुरडई हळूहळू चघळण्याचं सुख मला तळलेल्या कुरडईत कधीच सापडलं नाही.

ज्या घरी कुरडया असत, त्या घरी अख्ख्या आळीतल्या बाया जमत. फक्त आमच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या भाभीला कुणी हाक मारीत नसे. नवरा-बायको दोघं बिहारची. नवरा एमआयडीसीतल्या कंपनीत. "परक्याचा हात लागला की कुरडई लाल पडती," असं शेजारच्या काकू ठासून सांगत. भाभी आपली उंबऱ्यावर बसून आमचा सोऱ्या, आमची गाणी, आमची थट्टा कुतूहलानं न्याहाळत राही.

एका दुपारी तिनं मला खाताना पकडलं. मी हातातली कुरडई झटकन फ्रॉकच्या खिशात कोंबली. ती मात्र हसली, "खा ले, बबुनी," असं लाडानं म्हणाली आणि उरलेल्या कुरडया अलगद सरकवून माझ्या चोरीची मोकळी जागा बुजवू लागली. नेमक्या तेव्हाच काकू जिना चढून आल्या.

"अगं बया! तरीच म्हनलं, रोज कमी कशा व्हत्यात!"

भाभीनं एकदाच माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मी एक शब्द बोलले असते तर... पण तोंडात कुरडई होती, आणि पोटात आईच्या माराची भीती. आठवड्याच्या आत खोली रिकामी झाली. टेम्पोत बसण्याआधी भाभीनं माझ्या गालावरून हात फिरवला. त्या हाताला मोहरीच्या तेलाचा वास होता. तिचा हात लागलेल्या कुरडया त्या वर्षी पांढऱ्याशुभ्र फुलल्या, आणि आम्ही त्या आवडीनं खाल्ल्या.

परवा सुप्याला गेले, तेव्हा इतक्या वर्षांची ही लाज आईजवळ एकदाची बोलून टाकली. ती गॅसपाशी कुरडया तळत होती.

"मला ठावं हुतं की," ती म्हणाली. "तुझ्या फ्रॉकच्या खिशात रोज चुरा सापडायचा."

"मग भाभीला का घालवलंस गं?"

आईनं झाऱ्यानं कुरडई उलटवली. "सगळी आळी बोलाया लागली हुती. अन् ती काय आपल्यातली हुती व्हय?"

किती सहज म्हणाली! आणि नेहमीसारखी पहिली कुरडई तिनं माझ्याच ताटलीत वाढली.

मीही ती खाल्ली.