चढ शोधणाऱ्या काकू

कॅलिफोर्नियात सनीव्हेलला आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना सपाट ट्रेल चालायची नाही. उन्हाळ्यात आम्ही सिएराच्या डोंगरांत बॅकपॅकिंगला जाणार होतो, म्हणून दर शनिवारी त्या जवळपासचा उभा चढ शोधायच्या. पाठीवरच्या सॅकमध्ये वजनाला तांदळाची पिशवी असायची. मी सोपी वाट सुचवली की म्हणायच्या, "इथे धाप लागत नाही रे. दुसरी बघ."

सिएरात खिंडीच्या अलीकडे माझाच दम संपला. काकूंनी माझा तंबू आपल्या सॅकला बांधला आणि त्या माझ्या मागून चालू लागल्या. "तुझ्या चालीनं चल. मला घाई नाही."

वर पोचल्यावर एका अमेरिकन माणसानं मला विचारलं, "या तुझ्या आई का?"

"शेजारी आहेत," मी ऐटीत सांगितलं. "आणि त्यांच्या पाठीवरचा तंबू माझा आहे."