मास्तरांचं अपील

आमचे मास्तर रहस्यकादंबरीचं शेवटचं प्रकरण शिवून टाकत. अक्षरशः. सुईत पांढरा दोरा ओवायचा, शेवटची पंधरावीस पानं एकत्र धरायची आणि कडेने धावदोरा घालायचा. मग पुस्तक गिऱ्हाइकाच्या हातात. "आधी खुनी कोण ते सांगा, मग उसवून देतो," हा त्यांचा नियम. पुस्तकं काही त्यांच्या मालकीची नव्हती, पलीकडच्या वाचनालयाची होती. तिथल्या झाडून सगळ्या रहस्यकादंबऱ्यांच्या शेवटाला भोकं पडलेली असत, आणि वाचनालयाचे मालक मास्तर दिसले की तोंड फिरवत.

मास्तर म्हणजे लेडीज टेलर. सत्तरच्या दशकात नाशिकला द्वारका चौकाजवळ त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक मशीन, कापायची फळी आणि बायकांना बसायला बाक. मी तेव्हा शाळेत नव्याने लागलेली शिक्षिका. आमच्या सासूबाईंना रहस्यकादंबरी म्हणजे वाया जायची पहिली पायरी वाटे, म्हणून मी ती ब्लाउजपिसात गुंडाळून ने-आण करी. पहिल्या दोन वर्षांत मी इतके ब्लाउज शिवून घेतले की सासूबाईंना भलतीच काळजी लागली.

दर महिन्याला एकाच मालिकेतली नवी कादंबरी येई. मालिकेने शंभरी कधीच ओलांडली होती, तरी तिच्यातला इन्स्पेक्टर अजून तिशीतच होता. बाकावर त्याची झडती चाले. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर म्हणत, "विष घेतलेला माणूस एवढं लांबलचक बोलतो होय? आमच्याकडचे तर पाणीसुद्धा मागत नाहीत." दुकानामागे राहणाऱ्या घोलपकाकूंची तक्रार ठरलेली, "ते सगळं खरं, पण या मेल्याचं लग्न कधी लावणार?" मी शुद्धलेखनाच्या चुका काढी. मास्तर मापाच्या वहीत मागच्या बाजूने प्रत्येकीचं मत टिपून घेत. स्वतःचं मत मात्र चार शब्दांत देत. "कापड बरं हाय, शिलाई कच्ची." फारच खूश असले तर, "फिटिंग बसलं."

त्यांच्या हाताला तोड नव्हती, पण सांगितलेल्या वारी ब्लाउज मिळाल्याचं मला आठवत नाही. "कालच झाला असता बाई, पण बारावं प्रकरण लय अवघड निघालं," असं ते बिनदिक्कत सांगत. काकूंच्या पुतणीचा लग्नातला ब्लाउज हळदीच्या दिवशी हातात पडला. वर मास्तरांनी काकूंनाच विचारलं, "या महिन्यात तुमचा संशय कोणावर हाय?" काकू म्हणाल्या, "तुमच्यावर."

आणि एका महिन्यात खरंच खुनी शिंपी निघाला. आम्हाला आयतं कोलीत मिळालं. "मास्तर, आता तुमच्याकडे एकटीदुकटीने यायची सोय राहिली नाही हो," सिस्टर म्हणाल्या. मास्तर हसले नाहीत. त्यांनी एका जुन्या सदऱ्याचं बटण हिसडा मारून तोडलं आणि आमच्यापुढे धरलं.

"हे बघा. ओढून तुटलं की दोऱ्याला असे तुस निघतात. अन् इथं बेचाळीस पानावर काय छापलंय? मयताच्या मुठीत शिंप्याच्या सदऱ्याचं बटण, अन् त्याचा दोरा नीट कापलेला. नीट कापलेला! म्हंजे कात्रीनं. कुणीतरी बटण कापून मुठीत ठेवलं. इन्स्पेक्टरला दिसलं नाय, लिहिणाऱ्याला दिसलं नाय. अन् माणूस फाशी गेला."

"अहो मास्तर, कागदावरचा माणूस तो," मी म्हटलं. "त्याला फाशी दिली काय नि सोडलं काय!"

मास्तर खाली बघत बोलले. "बाई, माझा थोरला भाऊ चांदवडला शिवायचा. चोरीच्या आळावर त्याला धरला. पंधरा दिवसांनी खरा चोर घावला. भावाला पकडलं होतं भर बाजारात, सोडलं ते मागच्या दारानं. पकडलेला सगळ्यांनी बघितला, सोडलेला कुणीच नाय. परत त्याच्याकडं कुणी कापड टाकलं नाय. तसाच गेला तो."

माझी मलाच लाज वाटली. तिथेच बसून मी लेखकाला पत्र लिहिलं. मास्तर सांगत होते आणि मी व्याकरण सांभाळत होते. बाकावरच्या सगळ्यांनी सह्या केल्या. काकूंनी समासात इन्स्पेक्टरच्या लग्नाचंही लिहिलं.

दीड महिन्याने कार्ड आलं. लेखकाने आभार मानले होते. चूक झाली खरी, दर महिन्याला कादंबरी द्यावी लागते, घाईत राहून गेलं, आता इलाज नाही. मास्तरांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"घाई मलाबी असती बाई, लगीनसराईत. पण माप चुकलं तर मी उसवून परत शिवतो."

मग त्यांनी माझ्याकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या. 'वाचकांस विनंती. या कादंबरीतील शिंपी निर्दोष आहे. पान बेचाळीसवरील दोरा पाहावा. तो तुटलेला नाही, कापलेला आहे.' सुट्टीच्या दिवशी खळीची वाटी पिशवीत घालून मास्तर गावातल्या एकेका वाचनालयात गेले आणि त्या कादंबरीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर चिठ्ठी चिकटवून आले. एका ठिकाणी पकडले गेले. "पुस्तक खराब करता?" असं तिथला माणूस ओरडला. मास्तर म्हणाले, "खराब तर छापतानाच झालंय. मी दुरुस्त करतोय."

पुढे माझी नामपूरला बदली झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा मास्तरांनी विचारलं, "बाई, त्या चिठ्ठ्या कुणी वाचत आसंल का हो?"

मला खोटं बोलायची सवय नाही, याचा तेव्हा मला अभिमान होता. म्हटलं, "खुनी कळला की लोक पुस्तक मिटतात, मास्तर."

"आसंल," ते म्हणाले आणि मशीनकडे वळले. वर्षभरात ते गेल्याचं सिस्टरांच्या पत्रातून कळलं.

त्यानंतर काही वर्षांनी आमच्या शाळेला जुनी पुस्तकं भेट म्हणून आली. नाशिकचं कुठलंसं वाचनालय बंद झालं होतं, तिथले गठ्ठे. वर्गवारी करताना ती कादंबरी हाती आली. मागचं पान उघडलं. चिठ्ठी पिवळी पडली होती, पण तिच्याभोवती लिहायला जागा उरली नव्हती. निळ्या शाईत, 'पान ४२ पाहिले. बरोबर आहे.' पेन्सिलने, 'दोरा कापलेलाच आहे. इन्स्पेक्टर गाढव.' कुणाचं तरी, 'आमच्या घरात सर्वांचे हेच मत.' आणि अगदी अलीकडचं, आमच्या नामपूरकडच्या अहिराणी बोलीत कुणीतरी लिहिलेलं, 'हाऊ माणूस निर्दोष शे. याले सोडा.'

मास्तरांना मी चुकीचं उत्तर दिलं होतं. ते दुरुस्त करून सांगायला आता मास्तर नव्हते. मला फार वाईट वाटलं. मी पेन काढलं, खालच्या कोपऱ्यात कशीबशी जागा शोधली आणि लिहिलं, 'ही चिठ्ठी चिकटवणाऱ्या मास्तरांचा चांदवडचा थोरला भाऊही निर्दोष होता.' खाली पूर्ण नावानिशी सही केली.