मथुरामावशी आणि समुद्रात पडलेला इकॅरस

काल मथुरामावशी गेली.
खाटेवर, झोपेत, सगळ्यांसमोर. तिच्या कोळ्याच्या घरात असं मरण म्हणजे चैन.

किनाऱ्यावरच्या नवापूरहून मासळीची पाटी घेऊन ती आमच्या बोईसरच्या कॉलनीत यायची. ऐंशीच्या दशकात.
तिचा मुलगा हरेश वादळात होडीवरून पडला. सापडलाच नाही.
सापडला नाही, म्हणून मावशीने त्याचे दिवस घालू दिले नाहीत. रोज त्याचं ताट वाढायची.

मी नववीत, विमानवेडी आणि भयंकर आगाऊ.
समुद्रावरून विमान चाललं की मावशी पाटी उतरवून बघत राहायची.
"वरना सगला दर्या दिसत असंल ना गो?"
"माणूस नाही दिसत, मावशी."
"तुला काय ठावं? बसलीस काय कदी?"

एकदा मी शायनिंग मारत तिला ग्रीक पुराणातली उडण्याची गोष्ट सांगितली.
डीडॅलस नावाच्या कारागिराने पिसं आणि मेण लावून पंख केले. स्वतःला आणि मुलाला. बापलेक कैदेतून उडाले. पण मुलगा, इकॅरस, सूर्याजवळ गेला. मेण वितळलं, पोरगा समुद्रात.
"मॉरल काय, तर फार उंच उडू नये."

मॉरल तिने ऐकलंच नाही.
"बाप तसाच पुडं गेला?"
"नाही गं. हाका मारत शोधलं. प्रेत मिळालं, मग एका बेटावर पुरलं."
"गावला त्याला?"
"हो."
बोंबलांवर माश्या बसत होत्या. तिने हाकलल्या नाहीत.
"नशीबवान बाप," म्हणाली.
मला रडू आलं.

पुढे मी कॉलेजात असताना पेपरात बातमी आली. त्याच ग्रीक समुद्रावरून एकाने पेडल मारत विमान उडवलं. विमानाचं नावही डीडॅलस. किनारा हाकेवर आला आणि वाऱ्याने ते मोडलं, पाण्यात पडलं.
मी पेपर घेऊन थेट नवापूर गाठलं.

"आनि तो?"
"पोहत किनाऱ्याला लागला."
"जिता?"
"जिता!"

मावशी अंगणात धावली. "अगो, आयकलं काय? पोरगा पोचला!"
कुणाचा पोरगा, कुठला, शेजारणींना काही कळेना. सगळ्यांना चहा मात्र मिळाला.

त्या संध्याकाळी ती आपल्या भावाला म्हणाली, "एकाची आय वाट बगायची सुटली. आता मी पन सुटते. हरेशचे दिवस घाला."

मावशी, भरल्या मनाने नमस्कार.
ये आता.