पाय धुतल्यावर सांगितलेलं खरं

“हे काय पाय? इस्पितळ आहे की खाणीचा रस्ता?” डॉक्टर दारातूनच ओरडले. कळा येत असलेली शेवंती बाकाच्या कडेला आणखी आकसली. तिचा नवरा मुळगावला खाणीवर मजूर, दोघं सिंधुदुर्गातली. चिखलातून चालत आल्यामुळे तिचे पाय घोट्यापर्यंत लाल झाले होते.

“पाणी कधी गेलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“आत्ताच, येताना.”

डॉक्टर केबिनमध्ये निघून गेले.

गोव्याला नुकताच राज्याचा दर्जा मिळाला होता. कोकणी की मराठी, हा वाद अजून धुमसत होता. डिचोलीतल्या आमच्या त्या लहानशा खासगी इस्पितळात मात्र डॉक्टरांच्या आवाजापुढे कुठलीच भाषा चालत नसे. इस्पितळ त्यांचंच. हात कुशल, पण ते रागावले की आम्ही नर्सेस त्यांच्यासमोर जायचं टाळायचो. मी पेडण्याहून आलेली, नोकरीत नवी.

आमच्या सिनियर नर्स होत्या सिस्टर एस्पेरांसा. त्या टबात कोमट पाणी घेऊन आल्या, शेवंतीसमोर जमिनीवर बसल्या आणि तिचे पाय धुऊ लागल्या. बोटांच्या बेचक्यांतली मातीसुद्धा त्यांनी काढली. शेवंती पाय मागे घेऊ लागली.

“भियेनाका, बाय. कळ आली की माझा खांदा धर.”

तिने धरला. काही कळा तशाच गेल्या. मग ती रडू लागली. “खरा सांगतंय, बाई. पाणी काल सकाळीच गेला. उशिरा इलंय म्हणून डॉक्टर भायर घालतीत, ह्या भ्यान बोलूक नाय.”

पाणी जाणं म्हणजे बाळाभोवतीची पिशवी फुटणं. त्यानंतर जितका वेळ जातो, तितका आई आणि बाळ दोघांनाही जंतुसंसर्गाचा धोका. मी थर्मामीटर लावला. ताप होता.

सिस्टर उठल्या. “डॉक्टरांना सांगायला हवं. तू पण चल. एकटीला मलाही भय वाटतं.”

केबिनमध्ये त्यांनी सरळ सांगितलं, “डॉक्टर, पेशंटचं पाणी काल सकाळी गेलंय. आता ताप आहे.”

“मग खोटं कशाला बोलली?”

“तुमच्या भयानं.”

डॉक्टर खुर्चीतून उठले. “माझ्या?”

“हो. तिला आहे, ह्या पोरीला आहे, मलाही आहे. बाळाच्या जिवाचा प्रश्न आहे म्हणून बोलते. मला काढायचं तर उद्या काढा.”

डॉक्टर टेबलामागून निघाले. स्टेथोस्कोप घेऊन बाहेर आले. बाळाचे ठोके पाहिले, अँटिबायोटिक सुरू केलं, कळा वाढवायचं सलाईन लावलं. दुपार कलताना मुलगी झाली. आधी रडेना. डॉक्टरांनी तिची पाठ चोळली तेव्हा रडली. त्यांचे डोळे ओले झालेले मी पाहिले.

नंतर चहा घेताना मी सिस्टरना विचारलं, “एवढं धाडस कसं आलं?”

“धाडस कुठलं? भीत भीतच बोलले.” त्यांनी पावाचा तुकडा चहात बुडवला. “आमच्या येशूलाही भय वाटलं होतं गं. धरून नेणार हे ठाऊक होतं, घाम फुटला होता. पण त्याच्या आधी, जेवणाच्या वेळी, त्यानं आपल्या माणसांचे पाय धुतले. गुरू असून. मोठेपणा असा वापरायचा असतो.” मग म्हणाल्या, “आमच्या डॉक्टरांनाही भयच असणार. पूर्वी एक बाळंतीण त्यांच्या हातात दगावली. तेव्हापासून ओरडतात.”

सिस्टरना कोणी काढलं नाही. शेवंतीचा ताप उतरला, लेकीला घेऊन ती घरी गेली. जायच्या आधी डॉक्टर तिच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसले आणि त्यांनी हळू आवाजात विचारलं, “अजून दुखतं का?” ती म्हणाली, “होय, दुखता.” त्यांनी ते ऐकून घेतलं.

ते बदलले असं मी म्हणणार नाही. आमच्यावर पुढेही ओरडले. पण पेशंटशी बोलताना बसू लागले. आज मी शिकाऊ नर्सेसना एवढंच सांगते: ओरडून विचारलं की उत्तर लगेच मिळतं, पण ते खरं असेलच असं नाही.