दादाला पायथन शिकवताना

रांजणगावच्या कंपनीतली दादाची नोकरी गेली, तेव्हा त्याला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायची टूम माझीच. मी तळेगाव ढमढेऱ्याला घरात बसूनच कोडिंगचं काम करतो. चाळिशी उलटलेला माझा थोरला भाऊ रोज जेवण झालं की माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसायचा. त्याची चिकाटी दांडगी, पण मी पहिल्यापासून फटकळ.

त्याचे दोन प्रोग्रॅम होते. एक टोमॅटोच्या बाजारभावाचा, दुसरा एका कंपनीनं नोकरीच्या परीक्षेसाठी दिलेला. दोन्हींना लागणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, तो एकाच जागी टाकायचा. परीक्षेच्या प्रोग्रॅमला एका लायब्ररीची जुनी आवृत्ती लागे. ती घातली की टोमॅटोचा प्रोग्रॅम बंद. प्रत्येक कामाला वेगळी व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे त्याच्या लायब्रऱ्यांपुरती स्वतंत्र जागा, करायची असते, हे सांगून माझं तोंड दुखलं.

"आरं, एकाच घरातली कामं. सामान येगळं कशाला?" तो म्हणायचा.

शेवटी मी वैतागलो. "दादा, ज्याची त्याची चूल वेगळी असली की भांडण होत नाही. एवढं सोपं आहे."

टर्मिनलमध्ये कमांड टाकून त्यानं नवी एन्व्हायर्न्मेंट केली, कोड लिहायच्या एडिटरमध्ये तीच निवडली. दोन्ही प्रोग्रॅम बिनबोभाट चालले. मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना तो आईला म्हणाला, "आई, आमी चूल येगळी मांडतो. माझी पोरंबाळं ह्यानं कवर पोसायची?"

मी ताट बाजूला सारलं. "दादा, मी कॉम्प्युटरचं बोलत होतो."

"व्हय, ठावं हाय मला," तो शांतपणे म्हणाला. "पर खरंच हाय ते."

मी हातापाया पडलो, भांडलो, दोन दिवस अबोला धरला. तो बधला नाही. वहिनीनं डोळे पुसत आपली भांडी पलीकडच्या खोलीत नेली. आई दोन्हीकडं थोडं थोडं जेवते, म्हणजे कुठंच धड जेवत नाही. मला तिच्याकडं बघवत नाही.

परवा त्याचा प्रोग्रॅम पुन्हा अडला. लॅपटॉप घेऊन तो माझ्या खोलीशी आला. माझ्याआधी ह्या घरात जन्मलेला माणूस उंबऱ्याबाहेर थांबला आणि म्हणाला, "येऊ का आत? कामात न्हाईस ना?"